एक गाव, एक पुस्तक : वाचणार कोण आणि बोलणार कोण?

१

एका शहरातील सगळ्यांनी ठरावीक काळात एकच कादंबरी वाचावी आणि ग्रंथालयात, शाळेत, चर्चमध्ये, उपाहारगृहात जमून तिच्याविषयी बोलावे, असा उपक्रम अमेरिकेत गेली पंचवीसहून अधिक वर्षे चालू आहे. १९९८ साली सिअ‍ॅटलच्या सार्वजनिक ग्रंथालयातील 'वॉशिंग्टन सेंटर फॉर द बुक' या केंद्राने त्याचा आरंभ केला. कल्पना नॅन्सी पर्ल या ग्रंथपाल बाईंची. पहिली कादंबरी रसेल बँक्स यांची 'द स्वीट हिअरआफ्टर' होती. शाळेच्या बसला अपघात होऊन मुले दगावतात आणि एक लहानसे गाव त्या दुःखापुढे कसे उभे राहते, याची ती कथा. २००१ मध्ये शिकागो शहराने हार्पर ली यांची 'टू किल अ मॉकिंगबर्ड' निवडली आणि उपक्रमाला देशभर प्रसिद्धी मिळाली. २००४ मध्ये 'नॅशनल एंडाउमेंट फॉर द आर्ट्स' या सरकारी संस्थेचा एक अहवाल आला. वर्षभरात एखादी तरी ललितकृती वाचणाऱ्या प्रौढांचे प्रमाण १९८२ मध्ये ५६.९ टक्के होते, ते २००२ मध्ये ४६.७ टक्क्यांवर आले, असे त्यात म्हटले होते. २००६ पासून याच संस्थेने 'द बिग रीड' या नावाने गावोगावच्या अशा सामूहिक वाचनाला अनुदान देण्यास सुरुवात केली.

वाचन वाढावे याबद्दल दुमत असण्याचे कारण नाही. ज्यांच्या आजोबांना पाटीला हात लावू दिला गेला नाही, त्यांनी तर या उपक्रमाचे स्वागतच करावे. तरीही त्याची तपासणी करणे मला अगत्याचे वाटते, आणि त्याला कारण आहे.

मी शिकवते त्या महाविद्यालयात गेल्या वर्षी असाच उपक्रम करावा अशी सूचना आली. बैठक अर्ध्या तासात आटोपली. एक मान्यवर कादंबरी ठरली, प्रती किती मागवायच्या ते ठरले, उद्घाटनाला कोणाला बोलवायचे तेही ठरले. हीच कादंबरी का, असे कोणी विचारले नाही. मीही विचारले नाही. पहिल्या पिढीतली पदवीधर बैठकीत बसते तेव्हा आपल्याला बोलावले यातच तिला बरेच मिळाल्यासारखे वाटते. प्रश्न विचारून ते घालवायला ती धजत नाही. घरी आल्यावर मात्र त्या न विचारलेल्या प्रश्नाने मला स्वस्थ बसू दिले नाही. म्हणून ज्या देशात हा प्रयोग झाला तिथे तो कसा झाला, हे मी शोधू लागले. हा लेख त्या शोधातून झाला आहे.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे. सगळ्यांच्या हाती एकच पुस्तक दिल्याने समाज एक होत नाही. पुस्तक कोणी निवडले, त्यातली गोष्ट कोणाच्या डोळ्यांनी सांगितली आहे आणि ज्यांची ती गोष्ट आहे त्यांना 'हे आम्हाला मान्य नाही' असे म्हणण्याची मुभा आहे की नाही, यावर सारे अवलंबून असते.

२

आधी दाराविषयी बोलले पाहिजे. अमेरिकेच्या दक्षिणेत कृष्णवर्णीयांच्या वाचण्याला कायद्याने बंदी होती. अलाबामा राज्याने १८३२ मध्ये गुलामांना लिहायला-वाचायला शिकवणे हा दंडनीय गुन्हा ठरवला. गुलामगिरी संपली तरी ग्रंथालयांची दारे बंदच राहिली. १९३९ साली व्हर्जिनियातील अलेक्झांड्रिया येथे पाच कृष्णवर्णीय तरुण सार्वजनिक ग्रंथालयात गेले, सभासदत्व नाकारले गेल्यावर शेल्फमधली पुस्तके घेऊन शांतपणे वाचत बसले आणि त्यांना अटक झाली. २७ मार्च १९६१ रोजी मिसिसिपीमधील जॅक्सन येथे टूगालू कॉलेजचे नऊ विद्यार्थी गोऱ्यांच्या ग्रंथालयात वाचायला बसले. त्यांनाही पोलिसांनी उचलून नेले. याच १९६१ साली 'टू किल अ मॉकिंगबर्ड'ला पुलित्झर पारितोषिक मिळाले. एका निरपराध कृष्णवर्णीय माणसावरील अन्यायाची कादंबरी देश गौरवीत होता, आणि ती कादंबरी ज्या दालनात ठेवायची तिथे बसून वाचल्याबद्दल कृष्णवर्णीय मुले तुरुंगात जात होती.

हा प्रसंग आपल्याला परका वाटू नये. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले तेव्हा प्रश्न तहानेचा नव्हता, हक्काचा होता. पुढे बाबा आढावांनी 'एक गाव, एक पाणवठा' ही मोहीम काढली. त्या मोहिमेने आपल्याला एक गोष्ट शिकवली आहे : पाणी एकच असून भागत नाही, पोहरा कोणाच्या हाती आहे ते पाहावे लागते. विहिरीपासून लांब उभे राहून ओंजळीत वरून ओतलेले पाणीही त्याच विहिरीचे असते. 'एक शहर, एक पुस्तक' या घोषणेला हीच कसोटी लावली पाहिजे.

३

आता शिकागोने निवडलेल्या कादंबरीकडे वळू. १९३० च्या दशकातील अलाबामातले मेकम हे काल्पनिक गाव. टॉम रॉबिन्सन या कृष्णवर्णीय मजुरावर मायेला युएल या गोऱ्या तरुणीवर बलात्कार केल्याचा खोटा आरोप येतो. अ‍ॅटिकस फिंच हा गोरा वकील त्याचा बचाव करतो. सर्व गोऱ्या पंचांचे मंडळ टॉमला दोषी ठरवते आणि तुरुंगातून पळू पाहताना तो गोळ्या घालून मारला जातो. ही सारी हकीकत वकिलाची लहान मुलगी स्काउट सांगते.

कादंबरी प्रामाणिक आहे, हे मी आधीच मान्य करते. लिंचिंग करायला आलेला जमाव एका लहान मुलीच्या साध्या बोलण्याने कसा ओशाळतो, किंवा गावातली सभ्य माणसे पंच म्हणून बसली की सभ्यता कुठे जाते, हे लीबाईंनी फार नेमके दाखवले आहे. प्रश्न लेखिकेच्या हेतूचा नाही. एका मोठ्या, मिश्र वस्तीच्या शहराने एकत्र वाचण्याचे पहिले पुस्तक म्हणून ते घेतले तेव्हा त्या पुस्तकाने कोणाला कुठे बसवले, हा प्रश्न आहे.

कोर्टातला प्रसंग पाहा. कृष्णवर्णीय लोक वरच्या सज्जात बसले आहेत. खटला हरून अ‍ॅटिकस बाहेर पडतो तेव्हा सज्जातले सगळे त्याच्या सन्मानार्थ उठून उभे राहतात. वाचक गहिवरतो, मीही पहिल्या वाचनात गहिवरले होते. दुसऱ्या वाचनात मात्र मला वाटले, त्यांचा माणूस दोषी ठरला आहे, त्याची बायको-पोरे उघडी पडली आहेत, आणि या क्षणी या माणसांना आपसात काय म्हणायचे असेल? कादंबरी त्यांना उभे करते, बोलते करीत नाही. कृतज्ञता हीच त्यांना दिलेली भूमिका आहे.

याहून महत्त्वाची जागा टॉमच्या साक्षीत आहे. मायेलाची कामे तू फुकट का करीत होतास, या प्रश्नावर टॉम सांगतो की त्याला तिची कीव येत होती. सरकारी वकील नेमके हेच वाक्य पकडतो. कृष्णवर्णीयाने गोऱ्या स्त्रीची कीव करावी हे त्या कोर्टाला सहन होत नाही. येथे लीबाईंनी, कदाचित नकळत, वर्णव्यवस्थेचे मर्म सांगितले आहे : दया करण्याचा हक्कही वरच्याकडेच असतो, खालच्याने वर पाहून दया केली तर तो गुन्हा ठरतो. आणि हीच कादंबरी वाचकाला काय शिकवते? टॉमवर दया करायला. दया केल्याबद्दल ज्याला शिक्षा झाली त्याच्याकडून वाचक दयाच उचलतो आणि हलक्या मनाने पुस्तक मिटतो. 'सहानुभूती' आणि 'सहानुभव' यांतले अंतर आपण दलित साहित्याच्या चर्चेत पुष्कळदा सांगितले आहे. अस्पृश्याच्या दुःखाने डोळे ओले करणाऱ्या आणि त्याला तोंड न देणाऱ्या मराठी कथा आपण शाळेत कमी वाचल्या नाहीत.

या कादंबरीत एक प्रकरण असे आहे की जे मला फार मोलाचे वाटते आणि ज्याच्याजवळ कादंबरी फार वेळ थांबत नाही. फिंचांच्या घरी स्वयंपाक करणारी कॅलपर्निया मुलांना आपल्या चर्चमध्ये घेऊन जाते. तिथे प्रार्थनागीतांची पुस्तके नाहीत, कारण वाचता येणारी माणसे जेमतेम चार. कॅलपर्नियाचा मुलगा झीबो हातात एकुलते एक पुस्तक घेऊन गीताची एकेक ओळ म्हणतो आणि सगळा समुदाय ती ओळ त्याच्यामागून गातो. स्काउटला याचे नवल वाटते. ही लेखिकेची कल्पना नव्हे. एकाने ओळ वाचावी आणि सगळ्यांनी उचलावी ही कृष्णवर्णीय चर्चमधली खरीच रीत होती. सामूहिक वाचनाचा याहून अस्सल नमुना कुठला? अक्षर ज्यांना नाकारले गेले त्यांनी एका पुस्तकावर आणि एका आवाजावर सगळ्यांचे वाचन उभे केले. मॉकिंगबर्ड हाती घेणाऱ्या शहराला आपल्या उपक्रमाचे खरे पूर्वज त्याच पुस्तकाच्या पानांत बसलेले दिसावेत, अशी ही जागा आहे.

शिकागोविषयी आणखी एक गोष्ट नोंदली पाहिजे. मार्टिन ल्यूथर किंग १९६६ मध्ये घरांच्या वर्णभेदाविरुद्ध याच शहरात मोर्चे काढीत होते आणि ५ ऑगस्टला मार्केट पार्क भागात त्यांच्या डोक्यात दगड बसला. तेव्हा शहराचे महापौर रिचर्ड जे. डेली होते, २००१ मध्ये हा वाचन-उपक्रम सुरू करणारे महापौर रिचर्ड एम. डेली हे त्यांचे चिरंजीव. अन्यायाची गोष्ट वाचायला शहर दूर अलाबामात गेले, तीही सत्तर वर्षांपूर्वीच्या. गोऱ्या वस्तीत घर घेऊ पाहणाऱ्या शिकागोच्याच कृष्णवर्णीय कुटुंबाची कथा सांगणारे लॉरेन हॅन्सबेरी यांचे 'अ रेझिन इन द सन' हे नाटक १९५९ पासून उपलब्ध होते. ते या शहराने पुढे, २००३ मध्ये, वाचायला घेतले. उशिरा का होईना, घेतले, हे त्यांच्या बाजूने सांगितले पाहिजे. पण आधी दुसऱ्याच्या गावची जात दिसते आणि मग आपल्या गल्लीतली, हा क्रम आपल्याही ओळखीचा आहे.

४

२००२ मध्ये न्यूयॉर्कने असाच उपक्रम करायचे ठरवले आणि तो फसला. निवड समितीत 'नेटिव्ह स्पीकर' ही चँग-रे ली यांची कोरियन-अमेरिकन नायकाची कादंबरी घ्यावी की जेम्स मॅकब्राइड यांचे 'द कलर ऑफ वॉटर' हे आत्मकथन घ्यावे, यावर वाद झाला. अमुक पुस्तकाने अमुक समाज दुखावेल का, अशीही चर्चा झाली. हॅरॉल्ड ब्लूम यांच्यासारख्या विख्यात समीक्षकाने तर कल्पनेचीच खिल्ली उडवली. सगळ्यांनी एकाच वेळी बाहेर पडून एकच तयार खाद्यपदार्थ खावा तसे हे आहे, असे त्यांचे म्हणणे होते. शेवटी सगळ्यांना मान्य असे एक पुस्तक ठरलेच नाही आणि वृत्तपत्रांनी न्यूयॉर्कची थट्टा केली.

मला या फजितीत लाज वाटण्यासारखे काही दिसत नाही. ज्या शहरात इतक्या वंशांची आणि भाषांची माणसे राहतात तिथे 'आमची गोष्ट कोणती?' या प्रश्नावर भांडण होणे हे जिवंतपणाचे लक्षण आहे. आमच्या बैठकीत अर्ध्या तासात एकमत झाले ते एकमत नव्हते, ती आमची गप्प राहण्याची सवय होती. ब्लूम यांची भूमिका मात्र मला मान्य नाही. एकट्याने, एकांतात, उत्तमोत्तम ग्रंथांशी संवाद करणारा वाचक हा त्यांचा आदर्श. एकांताला खोली लागते, दिवा लागतो, दुपारची फुरसत लागते. ज्यांच्या एका खोलीत सात माणसे झोपतात त्यांचे वाचन चारचौघांतच होणार. त्याला हलके मानणे ही पांढरपेशी दृष्टी आहे.

मॉकिंगबर्डविषयीचा वाद पुढेही चालू राहिला. २०१५ मध्ये लीबाईंचे 'गो सेट अ वॉचमन' प्रसिद्ध झाले आणि त्यात अ‍ॅटिकस फिंच हाच वर्णभेद टिकवू पाहणाऱ्या 'सिटिझन्स कौन्सिल'च्या सभेत बसलेला वाचकांना दिसला. २०१७ मध्ये मिसिसिपीतील बिलॉक्सी येथे, भाषेमुळे लोकांना अवघडल्यासारखे होते म्हणून, आठवीच्या वर्गातून मॉकिंगबर्ड काढली गेली. जानेवारी २०२२ मध्ये सिअ‍ॅटलच्या उत्तरेस असलेल्या मुकिल्टियो येथील शिक्षण मंडळाने ती नववीच्या सक्तीच्या यादीतून वगळली. पण तिथे मागणी शिक्षकांचीच होती, कृष्णवर्णीय पात्रांना तिच्यात पुरते माणूसपण नाही हा त्यांचा आक्षेप होता, आणि ज्याला शिकवायची त्याला ती शिकवण्याची मोकळीक ठेवली होती. बाहेरून दोन्ही घटना सारख्या दिसतात. पहिलीत अवघडलेपण टाळायचे होते. दुसरीत पुस्तकाला उत्तर द्यायचे होते. पुस्तक बंद करावे या मताची मी नाही. पण पुस्तकाला 'नाही' म्हणणे हा वाचनाचाच भाग आहे, आणि नकाराचे मोल आपल्याला नव्याने सांगायला नको.

५

सिअ‍ॅटलने आपल्या दुसऱ्या वर्षी, १९९९ मध्ये, निवडलेली कादंबरी मला अधिक अर्थपूर्ण वाटते : अर्नेस्ट गेन्स यांची 'अ लेसन बिफोर डाइंग'. १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेली ही कादंबरी. गेन्स यांचा जन्म १९३३ चा, लुइझियानातल्या मळ्यावरचा. गुलामांसाठी बांधलेल्या जुन्या खोल्यांतच ते वाढले. जवळपास कृष्णवर्णीयांसाठी माध्यमिक शाळा नव्हती, म्हणून पंधराव्या वर्षी ते कॅलिफोर्नियाला गेले. तिथल्या ग्रंथालयात त्यांनी वाचायला सुरुवात केली आणि त्या पुस्तकांत आपली माणसे कुठेच नाहीत हे त्यांच्या ध्यानात आले. ती माणसे पुस्तकात आणण्यासाठी ते लेखक झाले. अशा लेखकाची कादंबरी एका ग्रंथालयाने शहराच्या हाती द्यावी, यात मला एक न्याय दिसतो.

काळ १९४० च्या दशकाच्या अखेरीचा. एका दारूच्या दुकानात गोळीबार होतो, दुकानदार आणि दोन तरुण मरतात आणि तिथे योगायोगाने हजर असलेला जेफरसन हा कृष्णवर्णीय तरुण सापडतो. त्याला वाचवण्यासाठी त्याचाच वकील कोर्टात सांगतो की हा माणूसच नव्हे, याला खुर्चीवर बसवणे म्हणजे डुकराला बसवण्यासारखे आहे. मृत्युदंड टळत नाही. डुक्कर हा शब्द मात्र जेफरसनच्या मनात रुतून बसतो. अ‍ॅटिकस फिंचच्या शेजारी हा वकील ठेवून पाहावा. बचाव करणाऱ्याचीही भाषा माणूसपण काढून घेणारी असू शकते, हे येथे कळते.

जेफरसनला वाढवणारी म्हातारी मिस एमा त्याच्या सुटकेची आशा धरीत नाही. तिची मागणी एवढीच : त्याने माणूस म्हणून खुर्चीपर्यंत चालत जावे. हे काम ती मळ्यावरच्या शाळेतील मास्तर ग्रँट विगिन्स याच्यावर टाकते. ग्रँट विद्यापीठात शिकलेला आहे, कडवट आहे, पोरांना पट्टीने मारणारा आहे, आणि त्याला हे गाव सोडून निघून जायचे आहे. त्याच्या स्वतःच्या गुरुजींनीही त्याला पळून जा असेच सांगितले होते. तुरुंगात भेटीची परवानगी मागायला तो मळेवाल्याच्या घरी मागच्या दाराने जातो आणि त्याला स्वयंपाकघरात तासन्‌तास ताटकळत ठेवले जाते. शिकलेल्या माणसालाही दार मागचेच.

ही पाने मी माझी म्हणून वाचली. बदलीचा अर्ज माझ्याही खणात आहे. वर्गात मागे बसलेल्या मुलामुलींकडे पाहून, यांच्यापैकी किती जण वीटभट्टीवर जाणार हे मनात मोजण्याचा निष्ठुरपणा मीही केला आहे.

ग्रँट जेफरसनला एक वही आणि पेन्सिल देतो. मनात येईल ते लिही, म्हणतो. कादंबरीच्या अखेरीस त्या वहीचे एक संपूर्ण प्रकरण येते, जेफरसनच्या स्वतःच्या स्पेलिंगसह, विरामचिन्हांशिवाय. गेन्स ते शुद्ध करीत नाहीत. मॉकिंगबर्डमधला टॉम कोर्टाने विचारलेल्या प्रश्नांपुरता बोलतो. जेफरसन कोणी न विचारता लिहितो. आपल्या आत्मकथनांवर अशुद्ध भाषेचा ठपका ठेवणाऱ्यांनी हे प्रकरण जरूर वाचावे. ग्रँट मृत्युदंडाच्या वेळी हजर राहण्याचे धैर्य दाखवू शकत नाही. वही त्याच्यापर्यंत येते, आणि वर्गातल्या पोरांसमोर उभा असताना तो रडतो. कादंबरीच्या नावातला धडा कोणी कोणाला दिला, याचे उत्तर तिथे मिळते.

गेल्या हिवाळ्यात मी चौदा विद्यार्थ्यांबरोबर ही कादंबरी शनिवारी शनिवारी वाचली. पुस्तक इंग्रजीत, म्हणून मी वाचून मराठीत सांगत असे. तिसऱ्या शनिवारी द्वितीय वर्षाची एक मुलगी म्हणाली, "मॅडम, ती म्हातारी अडानी, तरी अडून बसलीय. मास्तर शिकलेला, अन् तो नाही म्हणतोय. मग ह्यात मास्तर कोण?" ग्रंथांवरच्या ग्रंथांत मला हा प्रश्न इतका नेमका सापडला नव्हता. दुसऱ्या एकाने विचारले, "त्याला वही मिळाली, पण मरायच्या आधी. आधीच दिली असती तर?" या प्रश्नाला मी उत्तर दिले नाही. कोणीच काही बोलले नाही आणि त्या दिवशी आम्ही पुढे वाचले नाही.

६

आफ्रिकन-अमेरिकनांच्या लढ्याशी आपले नाते जुने आहे. १९७२ मध्ये दलित पँथरने आपले नाव ब्लॅक पँथरवरून घेतले. जनार्दन वाघमाऱ्यांनी 'अमेरिकन निग्रो : साहित्य आणि संस्कृती' लिहून ते जग मराठी वाचकासमोर ठेवले. पण सामूहिक वाचन ही गोष्ट आपल्याला त्यांच्याकडून घ्यावी लागत नाही. 'मूकनायक' (१९२०) आणि 'बहिष्कृत भारत' (१९२७) यांचा अंक गावात आला की वाचता येणारा एक आणि ऐकणारी सारी वस्ती, हीच आपली रीत होती. झीबोच्या चर्चमध्ये जे चालले होते तेच.

माझे स्वतःचे वाचनही तसेच सुरू झाले. वर्षावासात, आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत, आमच्या विहारात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' वाचला जाई. उच्चार स्पष्ट म्हणून बारा वर्षांच्या मला वाचायला बसवीत. समोर दिवसभर खुरपून आलेल्या बायका बसत. मध्येच एखादी म्हणे, "थांब गं, परत वाच." त्या 'परत वाच'ने मला वाचायला शिकवले. पण आज विचार करते तेव्हा आठवते की 'परत वाच' म्हणणाऱ्या त्या बायकांनी 'हे असं का?' असे कधी विचारले नाही. ग्रंथ वंदनीय होता. ज्या ग्रंथकाराने प्रश्न विचारायला शिकवले त्याच्याच ग्रंथापुढे आम्ही नुसते हात जोडून बसत होतो. कादंबरीचा उपयोग मला येथे दिसतो. कादंबरीपुढे कोणी हात जोडत नाही. तिच्यातल्या माणसाशी भांडता येते, आणि भांडता भांडता शेजारी बसलेल्याशी बोलणे निघते.

शेजारी कोण बसणार, हा शेवटचा प्रश्न, आणि तो आपल्यासाठी अडचणीचा आहे. १ ऑगस्ट २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अनुसूचित जातींचे उपवर्गीकरण करण्यास राज्यांना मुभा दिली. तेव्हापासून आमच्या भागात बौद्ध वस्ती आणि मातंग वस्ती यांच्यात जे बोलले जाते ते मी येथे लिहीत नाही. उपवर्गीकरणाच्या बाजूने आणि विरुद्ध युक्तिवाद आहेत, ते व्हावेत. परंतु ज्यांच्याशी आपण वाट्याचा वाद घालतो त्यांचे पुस्तक आपण किती वाचले आहे? अण्णाभाऊ साठ्यांची 'फकिरा' १९५९ ची. अण्णाभाऊंनी ती बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली. दुष्काळात भुकेने मरणाऱ्या आपल्या माणसांसाठी धान्य लुटणाऱ्या मांग नायकाची ही कथा बौद्ध वस्तीतील किती घरांत आहे? आणि बाबासाहेबांचे ग्रंथ अण्णाभाऊंच्या पुतळ्याजवळच्या घरांत किती आहेत? गोऱ्यांनी कृष्णवर्णीयांना सज्जात बसवले म्हणून आपण संतापतो. आपल्यातही वरचा सज्जा आणि खालचा सज्जा आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही.

म्हणून महाविद्यालयाच्या पुढच्या बैठकीत मी 'फकिरा' सुचवणार आहे, आणि त्यासोबत काही अटी. पुस्तक निवडताना दोन्ही वस्त्यांतली माणसे, त्यांत निम्म्या बायका, बैठकीत असाव्यात. वाचन मोठ्याने व्हावे, म्हणजे अक्षर न येणाऱ्याला लाजावे लागणार नाही. एक आठवडा विहारात आणि एक आठवडा अण्णाभाऊंच्या चौकात बसावे. प्राध्यापकांनी शेवटी बोलावे. आणि कोणाला पुस्तक पटले नाही तर ते का पटले नाही हे सांगण्यासाठी एक पूर्ण दिवस राखून ठेवावा. फकिराच्या पराक्रमात स्त्रिया कुठे आहेत, असे एखादी विचारील. विचारू द्यावे.

हे मान्य होईल असे मी समजत नाही. कदाचित पुन्हा अर्ध्या तासात बैठक आटोपेल. तसे झाले तर आम्ही चौदा जण आहोत, पुस्तकाची एक प्रत आहे, आणि एका प्रतीवर वस्ती वाचते हे मी लहानपणी पाहिले आहे. कार्यकर्त्यांनी आणि शिक्षकांनी आपापल्या गावी असा प्रयत्न करावा आणि त्यात काय फसले ते याच पानांवर लिहावे. काय जमले ते सगळेच लिहितात. जे फसले त्यातून आपल्याला पुढचे पुस्तक निवडता येईल.